बारा बाकांबरोबर वऱ्हाडात

वऱ्हाडात हल्ली बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवतात, असे निघण्यापूर्वी मुंबईत मला निदान दहा शहाण्या माणसांनी सांगितले होते. मी त्या मुलखात शेकडो गाड्यांची चाके न्याहाळली. सगळ्या धावा लोखंडी होत्या. ज्याला विचारावे तो मात्र सांगे की चांदीची धाव पुढच्या तालुक्यात आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणी ती पाहायला निघणार असतील, तर त्यांनी पुढच्या तालुक्यात जावे. मी जे पाहिले ते सांगतो.

मी गेलो तो एका पत्रामुळे. माझा शाळासोबती विनायक दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला, तेव्हा पुण्यात त्याच्या नावाने, मेलेल्याच्या नावाने फुटावी तशी, घागर फुटली. माझी मैत्री फुटली नाही. माझा स्वतःचा फारसा कशावरच विश्वास नसल्याने ती टिकवणे मला सोपे गेले. विनायक आता अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक आहे. त्याने लिहिले होते:

“माघातल्या पुढच्या रविवारी आमचे नवे देऊळ उघडायचे आहे. तू येच. येताना एक काम कर. साहेबलोकांसाठी मुंबईत करवलेले बारा बाक अकोल्याच्या ठेसणावर येऊन पडले आहेत, आणि साऱ्या गाड्या कापसाने अडवल्या आहेत. शनिवारपर्यंत ते येथे पोचते कर.” खाली, बारीक अक्षरात, पुढचे होते: “बारा बाक मांडले की आत उभे राहायला जागा उरत नाही. कमिटीने ठरवले आहे की आत साहेब बसतील आणि आमची चाळीस माणसे ओसरीवर. भिंती त्या चाळिसांनी बांधल्या आहेत. मला हे आवडत नाही, पण बाक आणण्याचे काम माझ्याकडेच आहे.”

म्हणजे विनायकाने ज्यावर रागवायचे ते आणण्याचे काम मला दिले होते. मित्र असेच असतात. मी रजा काढली.

अकोला

त्या वेळी आगगाडी अकोल्यापर्यंतच होती. रूळ पुढे पसरणे चालू होते. ठेसणावर उतरलो तेव्हा प्रथम वाटले की येथे बर्फ पडले आहे. कुंपण, झाडे, शिपायाच्या मिशा, सगळ्यांवर कापूस. ठेसणाबाहेर गठ्ठ्यांचे डोंगर आणि डोंगरांमधल्या खिंडींतून गाड्यांची रांग. दूर अमेरिकेत लोक आपसांत लढत आहेत, म्हणून विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून अकोल्यातला वाणी रेशमी फेटा बांधून ठेसणावर फिरतो. इतिहास हा विषय शाळेत मला कधी इतका सोपा करून शिकवला नव्हता.

बाक एका भिंतीशी रचलेले होते. शिसवाचे, कोरीव पाठीचे, प्रत्येकाच्या टोकाला लाकडी कमळासारखे काहीतरी. त्यांवर बसणाऱ्याची पाठ ताठ राहावी अशी योजना होती. बसणाऱ्याचे सुख कोणाच्या ध्यानात आलेले दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवारची सकाळची प्रार्थना पाहायला मी अकोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत गेलो. ही मंडळी बहुतेक नगरकडची: रुळांच्या कामावरचे हजेरीकारकून, गवंडी, लोहार. त्यांचे देऊळ म्हणजे एक राहुटी, आणि आत बसायला आडवे टाकलेले सलीपाट, म्हणजे रुळांखाली घालतात ते ओंडके.

“पक्कं देऊळ कधी बांधणार?” मी एका कारकुनाला विचारले.

“बांधून काय करायचं, राव?” तो म्हणाला. “भुसावळला होतो तवा राहुटी तिथं होती. रूळ पुढं सरकलं का आम्ही बी सरकतो. बसायचे सलीपाट तेवढे मागं राहत्यात, रुळाखाली.”

म्हणजे भुसावळपासून अकोल्यापर्यंत आगगाडी या मंडळीच्या बैठकीवरून धावते. मी ज्या थाटाच्या देवळांबद्दल वाचले आहे त्यांतल्या एकालाही इतक्या लोकांना इतक्या लांब पोचवता आलेले नाही.

गाड्यांचा शोध दुपारी सुरू झाला. कोणी गाडीवान बाकांकडे पाहायलाही तयार नव्हता. कापूस उतरवला की ते मीठ भरून परततात. लाकडाचे बाक कशाला नेतील? मी वक्तृत्व चालवले. देऊळ, धर्म, सरकारमर्जी, सगळे झाले. शेवटी गणाजी नावाचा एक उंच कुणबी पुढे आला, त्याने बाकांना एक फेरी मारली, एकावर बसून पाहिले आणि म्हणाला, “चाला. तीन गाड्या हायेत, माया अन् माया दोन भावाच्या.” त्याने भाड्याची घासाघीसही केली नाही. हा माझ्या वक्तृत्वाचा परिणाम, असे मी त्या रात्री झोपताना ठरवले.

दर्यापूरची वाट

माझ्याजवळ नकाशा होता. नकाशाप्रमाणे अमरावतीची सरळ वाट मूर्तिजापुरावरून जाते. गणाजीने गाड्या उत्तरेला, दर्यापूरकडे वळवल्या.

“ही वाट लांबची आहे,” मी म्हणालो.

“थ्या वाटेनं कापसाच्या गाड्याच गाड्या, पंत. चाकाले चाक अडून राह्यलं. इकून लवकर जाऊ.”

“पण नकाशात…”

“नकाशाले बैल जुपत नाईत.”

मी नकाशा गुंडाळला.

वऱ्हाडी बोलणे पुण्याच्या कानाला प्रथम भांडणासारखे लागते. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिल्या तासात हवेबद्दल विचारतात. गणाजीने पहिल्या तासात माझी जात, पगार, बायकोचे माहेर आणि मला मूल का नाही एवढे विचारून घेतले. दुसऱ्या तासापासून मी त्याच्या घरचा होतो आणि तो आपले जेवण मला दिल्यावाचून जेवत नसे. हवेबद्दल आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही.

पूर्णा नदीच्या उतारात पहिली गाडी वाळूत रुतली. बैल हलेनात, तेव्हा तिच्यावरचे चारही बाक उतरवून गाडी मोकळी करावी लागली. बाक गुडघाभर पाण्यात मांडले गेले. गाडी काढेपर्यंत माझे काही काम नव्हते, म्हणून मी एका बाकावर बसलो. खाली पूर्णेचे गार पाणी, समोर पैलतीरावर पिवळी जवारी, पाठ अगदी ताठ. पाणी भरायला आलेल्या बायकांनी हंडे ठेवून मला बराच वेळ पाहिले. एकीने विचारले, “हे कोनतं दैवत व्हय?” दुसरी म्हणाली, “बामनाचं असंन.” त्या मंदिरासाठी केलेल्या बाकांवर पहिली पूजा माझी झाली.

पैलतीरावर एका शेतात हुरडा भाजला जात होता. आम्हांला न विचारता बसवण्यात आले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली जवारीची कणसे, तळहातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, जवसाची चटणी, भाजल्या वांग्याचे भरीत. पुण्यात मी मेजवान्या जेवलो आहे. त्या शेतात माझ्या ध्यानात आले की आजवर आपल्याला फक्त वाढण्यात आले होते.

खाता खाता गणाजीने विचारले, “पंत, थ्या देवळात बसते कोन?”

“ख्रिस्ती मंडळी. माळी, कोष्टी, महार, एकदोन ब्राह्मण. आणि साहेबलोक.”

“सारे एका बिछायतीवर?”

“धर्म तसे सांगतो. पण रविवारी साहेब आत बाकावर आणि बाकीचे ओसरीवर.”

गणाजीने कणीस फिरवले. “मंग आपल्यासारखंच हाय की,” तो म्हणाला. “मले वाटलं काई नवीन असंन.”

विनायकाने चार पाने लिहून जे मला पटवले असते ते गणाजीने फुकट केले. दर्यापूर येईपर्यंत मी बाकांकडे पाहायचे टाळले.

वलगाव

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी पेढी नदी ओलांडून आम्ही वलगावात शिरलो. अमरावती तेथून अर्ध्या दिवसाची वाट. गावात शिरताच सनई ऐकू आली. गाड्या सनईच्या दिशेने वळल्या आणि एका मोठ्या मांडवापुढे आपोआप थांबल्या.

“माया भाचीचं लगन हाय,” गणाजी शांतपणे म्हणाला. “गावचा पाटील माया मेव्हना.”

दर्यापूरची वाट, न केलेली घासाघीस, बाकावर बसून पाहणे, या सगळ्यांचा अर्थ मला एकदम कळला. माझे वक्तृत्व मी मुकाट्याने परत घेतले. मी जोडा चढवीपर्यंत बाराही बाक मांडवात मांडून झाले होते. कापसाच्या पैशाने त्या वर्षी वऱ्हाडात प्रत्येक लग्न थाटाचे व्हायचे. शेजारच्या गावच्या एकाने हत्ती आणला होता. पाटलाला हत्तीवर कडी करायला काय आणावे सुचत नव्हते. आता नवरदेवाकडची साठ माणसे साहेबाच्या शिसवी बाकांवर पाठ ताठ करून बसली होती आणि हत्ती आणणारा गृहस्थ एका टोकाला बसून कमळावर हात फिरवीत होता.

“उद्या सकाळी निघायचं,” मी गणाजीला बजावले.

“सकाळी कसं? व्याही सोमवारी जातीन.”

मुलीकडच्यांनी दिलेली बैठक व्याही गाव सोडीपर्यंत त्यांची, असा तिकडचा रिवाज. ती मधेच काढून घेणे म्हणजे व्याह्याला हात धरून उठवणे. अशा उठवलेल्या व्याह्यांनी वरात परत नेल्याची दोन उदाहरणे मला तेथल्या तेथे ऐकवण्यात आली.

शनिवारी सकाळी मांडवामागे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले जात होते. मी वरणात रोडगा कुस्करत बसलो होतो, पण घास गोड लागत नव्हता. तेवढ्यात वांग्यांची शेवटची पाटी उतरवून एक पन्नाशीची बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. कपाळ मोकळे, पदर खोचलेला.

“विनायक मास्तरचे दोस्त तुमीच काय? मी सगुणा. अमरावतीच्या मंडळीतली. भाजी घालाले आली होती.” तिने मांडवाकडे मान वळवली. “अन् बाकडे हेच काय?”

“हेच.”

“चांगले हायेत,” ती म्हणाली. “चुना म्या डोक्यावर वाहिला, दोन सुगी. माया मालक भिंत पाहून गेला, छत पाहाले राह्यला नाई. पहिल्या दिवशी आत बसून त्याच्या नावानं एक गीत म्हनाव वाटे. आता ओसरीवरून म्हनीन. आवाज जाते आत.”

तिने रिकामी पाटी उचलली. माझ्याकडे काही मागितले नाही.

तेवढ्यात पाटील आला. त्याला कोणीतरी सांगितले होते की बाक सरकारी कामाचे आहेत. त्याचा चेहरा पडलेला होता. “पंत, तुमी म्हनसान तं आत्ता उठवतो व्याह्याले,” तो म्हणाला. “साहेबाचं काम हाय. पोरीचं काय व्हाचं थे होईन.”

मांडवात हसणे चालू होते. मी तोंडातून एक शब्द काढला असता तर दुपारपर्यंत बाक अमरावतीत होते. मी दिलेला शब्द मोडलेला मला आवडत नाही. पण विनायकाच्या पत्रातली बारीक अक्षरे मला मोठ्या अक्षरांपेक्षा अधिक नीट वाचता येत होती, आणि सगुणाबाई हातातली रिकामी पाटी झटकीत माझ्याकडे न पाहता उभी होती.

“व्याही बसलेले बरे दिसतात,” मी म्हणालो. “राहू द्या. सोमवारी पाठवा.”

पाटलाने माझ्या पानात आणखी दोन रोडगे टाकले आणि त्यांवर तूप ओतले ते मी हात आडवा घातला तरी थांबेना.

अमरावती

सगुणाबाईच्या पुतण्याच्या रेंगीत, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीत, आम्ही शनिवारीच निघालो. वाटेत तिने मंडळीचा इतिहास सांगितला. पहिली प्रार्थना तिच्या मळ्यातल्या चिंचेखाली झाली, सात माणसांची. मग पावसाळा आला म्हणून पलटणीच्या एका रिकाम्या पागेत. मग एका शेटच्या कापसाच्या वखारीत, तेथे तीन वर्षे.

“मंग भाव चढला,” ती म्हणाली. “शेट म्हने, तुमचा देव कुठंबी बसीन, माया कापूस भिजला तं मी बुडलो. त्याचंबी खरं होतं. म्हून भिंती बांधाले घेतल्या.”

विनायक देवळाच्या पायरीवर वाट पाहत होता. देऊळ पाहून मला बरे वाटले. काळा दगड, कौलारू छप्पर, उंच खिडक्या, आणि आत नुसती सारवलेली, स्वच्छ, रिकामी जमीन.

“बाक कुठे आहेत, केशवा?”

“वलगावला. त्यांवर व्याही बसले आहेत. सोमवारी उठतील.”

विनायक पायरीवर खाली बसला. प्रथम त्याचे खांदे हलू लागले, आणि मला भीती वाटली. मग कळले की तो हसतो आहे. “चिटणीस मला खाऊन टाकील,” तो डोळे पुसत म्हणाला. “सांगायला तूही चल.”

कमिटीचे चिटणीस हे कापूस खरीदणाऱ्या एका विलायती पेढीचे गोरे अडत्ये होते. त्यांनी आमचे ऐकून घेतले, आणि मग बंगल्याबंगल्यांतून खुर्च्या आणायला माणसे पिटाळली. थंडीचे दिवस हे साहेबांच्या दौऱ्याचे दिवस. त्यांच्याबरोबर तंबू, कुत्री आणि खुर्च्याही दौऱ्यावर जातात. साऱ्या छावणीत मिळून पाच खुर्च्या निघाल्या.

रविवारी सकाळी साहेबलोक वीस आले. मंडळीने रात्रीतून दुसरी सोय केली होती. अमरावतीत त्या वर्षी ज्याची कमतरता नव्हती असा एकच जिन्नस होता. तागाची पोती कापसाने ठासून भरून, वर धुतलेली पासोडी घालून, बैठका मांडल्या होत्या. पाच खुर्च्या मडमांसाठी ठेवल्या. पण त्या वेळी विलायतेत बायकांचे झगे कड्यांवर ताणून घुमटासारखे फुगवण्याची रीत होती, आणि तो घुमट हातांच्या खुर्चीत मावेना. पहिल्या मडमेने तीनदा प्रयत्न केला. मग तिने खुर्चीकडे आणि पोत्याकडे पाहिले, आणि पोत्यावर बसली. घुमट तिच्याभोवती अलगद पसरला. तिच्या चेहऱ्यावर असे सुख दिसले की बाकीच्या चौघींनी खुर्च्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. मोठ्या पोटाचे एक वयस्क साहेब पोत्यावर टेकले ते खोल खोल जात राहिले.

पोत्यांनी जागा थोडीच व्यापली. निम्मे देऊळ मोकळेच राहिले, आणि ओसरीवर उभ्या चाळिसांना ते उघड्या दारांतून दिसत होते. विनायक दाराशी गेला आणि फक्त म्हणाला, “या.” चिटणीस काही बोलायला उठू लागले, पण पोत्यातून उठायला वेळ लागतो. ते उभे राहिले तेव्हा माळी, कोष्टी, महार, नगरकडचे दोघे गवंडी, सगळे सारवलेल्या जमिनीवर बसून झाले होते. सगुणाबाई सर्वांत पुढे, व्यासपीठाच्या अगदी पायाशी बसली. मी दाराजवळ, खांबाला टेकून बसलो.

उपदेशाला उभ्या राहिलेल्या गोऱ्या पाद्रीसाहेबांचे मराठी शुद्ध होते आणि लांब होते. पण मग गीत सुरू झाले. चाल दळणाच्या ओवीची होती. साहेबलोकांना ती येत नव्हती, तेव्हा ते मागून मागून गुणगुणू लागले. सगुणाबाईचा आवाज किंचित फाटका, पण छपरापर्यंत पोचणारा. दुसऱ्या कडव्याला तिने मान वर करून कौलांकडे पाहिले आणि ती कडवेभर तशीच वर पाहत राहिली. मी थाटाच्या पुष्कळ समारंभांत जांभया दिल्या आहेत. त्या सकाळी मला एकही आली नाही.

शेवटी वयस्क साहेबांना दोघांनी हात धरून पोत्यातून वर काढले. बाहेर उन्हात आल्यावर दिसले की काळे कोट, रेशमी झगे, घोंगड्या, सगळ्यांना पाठीमागून सारखाच कापूस चिकटला आहे. लोक एकमेकांची पाठ झाडत बराच वेळ आवारात उभे होते, आणि कोण कोणाची झाडतो आहे हे कोणी पाहत नव्हते.

सोमवारी दुपारी गणाजी बाक घेऊन आला. व्याही खूष होऊन गेले होते. एका बाकावर हळदीचा पंजा उमटला होता. चिटणीस हातात कागद घेऊन हजर होते. कागदावर दोन रांगांत बाराही बाक आखलेले होते. ते मोजमाप करीत व्यासपीठाशी आले, तर तेथे सगुणाबाई आपली गोणपाटाची घडी अंथरून बसलेली.

विनायक तिच्याजवळ गेला. “सगुणाबाई, येथे बाक येणार.”

“येऊ द्या, मास्तर. मले सोडून.” तिने चिटणिसांकडे बोट केले. “त्याईले इचारा. नव्या बाजारात पहिल्या दिवशी जो जिथं बसला थे जागा त्याची. मायी भाजीची जागा अशीच हाय. साहेबाची काट्याजवळची जागाबी अशीच हाय. मागच्या साली एका मारवाड्यानं सरकवाले पाह्यलं तं साहेबानं सारा बाजार गोया केला होता.”

विनायकाने इंग्रजीत सांगितले. चिटणीस लाल झाले. वजनकाट्याजवळची ती जागा त्यांनी ज्या कायद्याने राखली होती तो त्यांना तोंडपाठ होता, आणि गणाजीसह तीन गाडीवान साक्षीला उभे होते. मग त्यांनी हातातला कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर भिंतींलगत सहा आणि सहा रेघा मारल्या, मधली जमीन मोकळी सोडली, आणि गणाजीला खुणेने पहिला बाक उचलायला सांगितला. हळदीचा पंजा त्यांनी पाहिला, पण पुसायला सांगितले नाही.

मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा सगुणाबाई म्हणाली, “पंत, खांबाजवळची थे जागा आता तुमची. लय दिवस पडीक ठेवू नका.”

“मी तुमच्या धर्माचा नाही, बाई.”

“बाजारात धर्म कोन इचारते? पडीक राह्यली की दुसरा बसते, एवढंच.”

मुंबईत मी भाड्याच्या खोलीत राहतो आणि पुण्याचे घर थोरल्या भावाच्या वाटणीला गेले. हिशेब करून पाहता पृथ्वीवर माझी स्वतःची म्हणावी अशी एवढीच जमीन आहे: अमरावतीस, दाराजवळ, खांबाला टेकता येईल इतकी. पुढच्या माघात तिच्यावर बसून येण्यासाठी मी आतापासूनच रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे.